इतरांची एक जागा

बोस्नियातल्या लिपोवित्सा नगरपरिषदेच्या सतरा जागांपैकी सोळा भांडणासाठी होत्या आणि एक इतरांसाठी.

भांडणाच्या सोळांत आठ वरच्यांच्या, आठ खालच्यांच्या. वरचे म्हणजे मशिदीकडचे, खालचे म्हणजे चर्चकडचे. बोस्नियाक आणि क्रोएट हे शब्द गावात अर्ज भरताना किंवा गचांडी धरतानाच वापरले जात. एरवी वर-खाली म्हटलं की पुरत असे. सतरावी जागा 'इतर' नावाच्या जमातीची. ही जमात युद्धानंतरच्या तहात जन्माला आली. जो वरचा नाही, खालचाही नाही, किंवा थोडा थोडा दोन्ही आहे, किंवा विचारल्यावर खांदे उडवतो, तो इतर. त्यांना वेगळं देऊळ नव्हतं, झेंडा नव्हता, हुतात्मेही नव्हते. त्यामुळे त्यांना एक जागा पुष्कळ झाली, असं सर्वांचं मत होतं.

मागची तीन वर्षं परिषद भरलीच नव्हती. नियम असा की पहिल्या सभेचं कामकाज सर्वांत वयस्क सदस्यानं चालवायचं, आणि त्याच्यासमोर नवा अध्यक्ष निवडायचा. तर वरच्यांकडे एक म्हातारा होता, खालच्यांकडे एक म्हातारा होता, आणि दोघांचे जन्मदाखले युद्धात जळाले होते. आपलाच माणूस वडील आहे हे सिद्ध करण्यासाठी दोन्ही बाजू साक्षीदार आणू लागल्या. तीन वर्षांत दोन्ही म्हाताऱ्यांची वयं निसर्गापेक्षा जरा जास्तच वेगानं वाढली. शेवटच्या सुनावणीत एक एक्क्याण्णव वर्षांचा होता, दुसरा चौऱ्याण्णव. त्यातला एक सायकलवर आला होता.

कारभार या काळात चालू होता असं म्हणता येत नाही, पण बंद पडलाय हेही कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. फक्त दिव्यांचे बल्ब गेले ते गेलेच.

शेवटी या वसंतात नवी निवडणूक झाली. वरच्यांचा पुढारी मुनीब आणि खालच्यांचा पुढारी फ्रानो यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका कागदावर सह्या केल्या: कोणीही साठीच्या पुढचा उमेदवार द्यायचा नाही. इतरांकडून औषधवाल्या आल्ताराट्सनं सही केली. तो बावन्न वर्षांचा होता. निवडून आल्यावर आठव्या दिवशी, स्वतःच्याच दुकानात, स्टुलावर चढून खोकल्याचं औषध काढताना तो गेला.

आणि मग नगरपरिषदेचे सचिव रांको दुसऱ्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला, कॉफीच्या खोलीत आले.

"मावशी, जरा बसा."

बिसेर्का सत्तावीस वर्षं त्या खोलीत कॉफी करत होती. तिला तिथे कुणी बस म्हटलं नव्हतं, कारण बसायला जागा नव्हती. ती साखरेच्या पोत्यावर टेकली.

"कोण गेलं?"

"आल्ताराट्स."

"ते मागच्या शुक्रवारी. मी मातीला गेले होते."

"त्यांच्यानंतर यादीत तुम्ही आहात."

"कसल्या यादीत? जाणाऱ्यांच्या?"

"इतरांच्या."

"मग तेच की."

रांको हसले नाहीत. ते सर्ब होते, म्हणजे हिशेबानं तेही इतरांतच. गावात असे चार जण उरले होते आणि चौघांनाही कमी हसण्याची सवय लागली होती. त्यांनी समजावून सांगितलं. यादीत किमान दोन नावं लागतात म्हणून आल्ताराट्सनं हिचं नाव खाली टाकलं होतं. हिनं सही केली होती, ती गॅसच्या सिलिंडरची पावती समजून.

"तुम्हाला अकरा मतं पडलीत."

"मला? कुणी दिली?"

"गुप्त असतं मावशी."

"मी तर आल्ताराट्सला दिलं होतं." तिनं जरा विचार केला. "अकरा? घरात मी एकटी आहे."

"आणि नोकरी?" तिनं मग विचारलं. "नगरपरिषदेच्या नोकराला सभासद होता येतं?"

रांकोंनी फाइल उघडली. नोकराला होता येत नव्हतं. पण कॉफीवालीचं पद अठ्ठ्याण्णवच्या नव्या आकृतिबंधात मंजूरच नव्हतं, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं ती गेली कित्येक वर्षं तिथे नव्हती. "तुम्ही कॉफी करत राहा, आणि सभेच्या दिवशी बाहेर येऊन बसा. बोळ तर सात पावलांचा आहे."

बिसेर्का या नावाचा अर्थ मोती. बाप हसन न्हावी, वरचा. आई रूझा, खालची. नावावरून काही कळू नये म्हणून बापानं हे नाव शोधून काढलं होतं. चौसष्ट वर्षं कुणाला काही कळलं नाही. आणि नेमकी त्यामुळेच ती आता सापडली.

* * *

खरं काय चाललंय ते तिला पुढच्या बुधवारी कळलं. कॉफी घेऊन जाताना सगळंच कळतं. माणसं कॉफीवालीसमोर जशी बोलतात तशी कपाटासमोरही बोलत नाहीत.

सचिवांच्या खोलीत मुनीब आणि फ्रानो नकाशावर वाकले होते. मुनीब भूगोलाचा मास्तर, उंच, किडकिडीत. नकाशा दिसला की त्याला पट्टी हवी असे. फ्रानो गाडी शिकवण्याचा वर्ग चालवी. निम्मं गाव त्याच्या हाताखाली शिकलं होतं, म्हणून लिपोवित्सात चौकात दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोन्ही थांबत आणि आधी कोण जाणार यावर दोन्ही काचा खाली होत.

नकाशा गिरणीमागच्या दफनभूमीचा होता.

ही गावाची तिसरी दफनभूमी. वर मशिदीची, खाली चर्चची, आणि मध्ये ही, नगरपरिषदेची. मुळात सूतगिरणीच्या कामगारांपैकी ज्यांना मेल्यावर मौलवी नको होता आणि पाद्रीही नको होता, त्यांची. युद्धात मात्र वरची आणि खालची, दोन्ही स्मशानं गोळ्यांच्या टप्प्यात आली. गिरणीमागचीला तेवढा गिरणीच्या भिंतीचा आडोसा होता. त्या हिवाळ्यांत दोन्हीकडचे लोक आपापले मेलेले तिथे आणू लागले. आता दोन्ही बाजूंना तिथे आपापलं हुतात्मा स्मारक हवं होतं. मध्ये भिंत, वर चंद्र, खाली क्रूस, दोन फाटकं. आणि रेषेच्या चुकीच्या बाजूला पडलेले मृत उचलून योग्य बाजूला.

"एकशे त्रेचाळीस थडगी," मुनीब पट्टी ठेवत म्हणाला. "एकाहत्तर आमची, एकाहत्तर तुमची. यावर वाद नाही."

"नाही."

"उरलं एक. ज्याच्याकडे ते, त्याच्याकडे जमिनीची जास्तीची पट्टी आणि जुनं फाटक."

"बरोबर. आणि ते आमचं," फ्रानो म्हणाला. "चेक माणूस म्हणजे कॅथलिक. सरळ हिशेब."

"कॅथलिक? तो आयुष्यात चर्चमध्ये एकदा गेला, तेही पंप दुरुस्त करायला. सासरा त्याचा हसन न्हावी. तो आमचा."

"जावई कधीपासून सासऱ्याचा झाला रे?"

"घरजावई होता! बारा वर्षं हसनच्या घरात राहिला. विचार की. बिसेर्काताई, खरं की नाही?"

तेव्हा बिसेर्काला कळलं की ते तिच्या नवऱ्याबद्दल, करेलबद्दल बोलतायत. तिनं तबक खाली ठेवलं.

"छप्पर गळायचं," ती म्हणाली. "तो दुरुस्त करायला आला आणि राहिला."

"ऐकलंस?" मुनीब म्हणाला.

"छप्पर दुरुस्त केलं म्हणजे धर्म बदलतो होय? मग गावातला प्लंबर काय काय झाला असेल!"

करेल दोबेश गिरणीत यंत्रदुरुस्ती करायचा. हृदय बंद पडून गेला त्याला दहा वर्षं झाली होती. एवढी मागणी त्याला जिवंतपणी कधी आली नव्हती.

"आणि माझी जागा?" बिसेर्कानं विचारलं.

"कसली?"

"दगडावर माझं नाव आहे. जन्मसाल आहे, पुढे रेघ आहे. रेघेपुढचं तेवढं राहिलंय."

ते दोघंही जरा चपापले. गावात सगळ्यांच्याच दगडांवर असं असतं. नवरा गेला की बायको आपलंही नाव त्याच वेळी कोरून घेते, पाथरवट परत बोलवावा लागत नाही. फ्रानोनं रांकोंकडे पाहिलं. रांकोंनी कागदाकडे.

"मोजणीत रिकाम्या जागा धरलेल्या नाहीत."

"तुम्ही अगदी ठणठणीत आहात, ताई," फ्रानो म्हणाला. "आणि खरोखर, आमची काही घाई नाही."

"पण मी जाईन तेव्हा?"

"स्मारकात कसं आहे," मुनीब मास्तरकीच्या आवाजात म्हणाला, "ज्यांचं त्यांचंच राहणार. पण इतरांची व्यवस्था केलीय आम्ही. बसडेपोच्या मागे. सपाट जागा आहे, झाडं लावू."

"तिथे कोण कोण असेल?"

"सध्या तुम्हीच."

ते दुष्ट नव्हते, हे तिला माहीत होतं. मुनीबची आई त्याच दफनभूमीत होती, फ्रानोचा थोरला भाऊ ज़्द्राव्को तिथेच. दोघांना आपापलं माणूस भिंतीच्या योग्य बाजूला हवं होतं, एवढंच. माणसं आपल्या मेलेल्यांवर प्रेम करतात आणि मग शेजारच्यांची मोजणी सुरू होते.

"हात वर केलात की झालं," फ्रानो म्हणाला. "ठरावाला तिन्ही गटांची संमती लागते. तिसरा गट म्हणजे तुम्ही."

"आणि नाही केला तर?"

दोघं हसले, प्रेमानं हसले. "ताई, तुम्ही कधी कुणाला नाही म्हणालात?"

ते खरं होतं. सत्तावीस वर्षांत ती फक्त "आणते" म्हणाली होती.

"तरी समजा," रांको कागदातून डोकं न काढता म्हणाले, "एखाद्या गटानं नाकारलं तर ठराव समन्वय समितीकडे जातो. अध्यक्षांनी नेमलेल्या. तिथे अंतिम निर्णय होतो."

"समितीत कोण?"

"मी," मुनीब म्हणाला.

"आणि मी," फ्रानो म्हणाला, आणि कॉफी उचलली. "वा. ही अशी कॉफी माझ्या घरीसुद्धा होत नाही."

* * *

रविवारी ती गिरणीमागे गेली. फाटकाची किल्ली तिच्याकडेच असे, कॉफीच्या खोलीत चमच्यांच्या खिळ्याला लावलेली. ही किल्ली तिला कुणी दिली नव्हती. ती करेलकडून आली होती, आणि करेललाही कुणी दिली नव्हती. गिरणी बंद पडली त्या दिवशी ती त्याच्या खिशात राहिली एवढंच.

युद्धातल्या त्या हिवाळ्यात पहिल्यांदा दोन अंत्ययात्रा एकदमच फाटकाशी आल्या. दोघांच्याही खांद्यावर बंदुका, दोघांच्याही खांद्यावर पेटी. करेल आतून आला, फाटकाला कुलूप घातलं, आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशानं लिहून टांगलं: *सकाळी खालचे. दुपारनंतर वरचे. बंदुका बाहेर.* मग एक ओळ खाली जोडली: *एकटे असाल तर हाक मारा, खणायला येतो.*

लोकांनी ऐकलं. बिसेर्काला त्याचं नवल आजही वाटे. त्या दिवसांत लिपोवित्सात दोन महापौर होते, दोन पोलीसप्रमुख, दोन शिक्के, आणि कुणाचं कुणी ऐकत नव्हतं. एका यंत्रवाल्याच्या पुठ्ठ्याचं मात्र दोन हिवाळे सगळ्यांनी ऐकलं. मत कुणी दिलं नव्हतं. ती त्याला म्हणाली होती, "अरे, तुला कुणी अधिकार दिला?" तो म्हणाला होता, "विचारलं नाही कुणी. विचारलं असतं तर किल्ली काढून दिली असती."

बहुधा म्हणूनच कुणी विचारलं नसेल, असं तिला आता वाटलं. ज्याला खुर्ची सोडायची भीती नसते त्याच्याशी भांडून काही मिळत नाही.

तिनं दगड पुसला. करेल, साल, रेघ, साल. बिसेर्का, साल, रेघ. त्या रेघेकडे बघताना तिला भीती कधी वाटली नव्हती. उलट बरं वाटे, बसमध्ये आपली जागा धरून ठेवल्यासारखं. आता पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण उभ्यानंच जाणार की काय.

* * *

सभा मंगळवारी दहा वाजता होती. साराजेव्होहून निरीक्षक म्हणून येन्सन नावाचे डॅनिश गृहस्थ आले, दुभाष्यासह. परिषद कायदेशीररीत्या स्थापन झाली असं लिहून देणं हे त्यांचं काम. ते तीन वर्षं हेच लिहून देण्यासाठी येत होते.

बिसेर्कानं नेहमीप्रमाणे सगळ्यांना पहिली कॉफी दिली.

इथे कॉफीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण येन्सनसाहेबांना कुणी सांगितलं नाही. लिपोवित्सात पाहुण्याला तीन कॉफ्या मिळतात. पहिली आल्याची: आलात, बरं वाटलं. दुसरी गप्पांची: तिच्याबरोबर गुलाबाची मऊ वडी, आणि ती कितीही वेळा भरली जाते. तिसरीचं नाव सिक्तेरुशा. ती पातळ, वडीशिवाय, आणि यजमान ती उभ्यानं ओततो. तिचा अर्थ: निघा आता. शब्दानं काही बोलायचं नसतं. पाहुणा ती एका घोटात पितो, उठतो, घरी सगळ्यांना नमस्कार सांगतो आणि जातो. वरच्यांच्यात आणि खालच्यांच्यात कशावर एकमत नसलं तरी यावर आहे. युद्धातसुद्धा, तळघरात, चिकोरीच्या पाण्याची का होईना, तिसरी आली की माणूस गोळीबारात बाहेर पडे. तिसऱ्या कॉफीनंतर बसून राहिलेला माणूस गावाच्या आठवणीत एकच आहे, आणि त्याच्या नातवांना अजून त्यावरून चिडवतात.

तिनं पेले ठेवले, एप्रन काढला, सात पावलं चालून बोळाच्या दाराजवळच्या सतराव्या खुर्चीत बसली.

रांको उभे राहिले. "नियम चौदा. पहिल्या सभेचं कामकाज सर्वांत वयस्क सदस्य चालवतील." मुनीब आणि फ्रानो समाधानानं एकमेकांकडे बघून हसले. एकोणसाठ वर्षांचा त्यांचा एकेक माणूस तयार होता आणि दोघांनी चिठ्ठी टाकायचं ठरवलं होतं. रांकोंचं बोट यादीवरून खाली सरकलं. छप्पन्न, एकोणसाठ, बावन्न. सर्वांत खाली ते थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

"श्रीमती बिसेर्का दोबेश," ते म्हणाले. "चौसष्ट."

सभागृहात कोणीतरी चमचा खाली ठेवला.

"ताई," फ्रानो म्हणाला, "तुम्ही चौसष्टच्या?"

"वाटत नाही ना?"

साठीचा करार औषधवाल्याशी झाला होता. त्याच्या जागी कोण आलं हे सगळ्यांना माहीत होतं; पण कॉफी करणाऱ्या बाईलाही वय असतं हे दोन्ही पक्षांच्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"असू दे, असू दे," मुनीब सावरून म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. शपथ, अध्यक्षाची निवड, मग गिरणीमागचा ठराव."

ती मधल्या उंच खुर्चीत जाऊन बसली. तिथून सभागृह वेगळंच दिसत होतं. सत्तावीस वर्षं तिनं या लोकांच्या माना मागून पाहिल्या होत्या. शपथ झाली. येन्सनसाहेबांनी काहीतरी लिहिलं. परिषद स्थापन झाली. टाळ्या वाजल्या, दोन्हीकडून, जरा मागेपुढे. मग ती उठून दुसरी कॉफी आणि वड्या घेऊन आली, कारण दुसरं कुणी आणणार नव्हतं. येन्सनसाहेबांनी दोन वड्या घेतल्या.

"अध्यक्षपदासाठी," फ्रानो म्हणाला, "पहिलं वर्ष मुनीब, दुसरं मी. पीठासीन ताई, मत घ्या."

"घेते. त्याआधी एक विचारू? तो करेलचा ठराव मागे घेता येईल?"

"ताई, आता ते..."

"माझ्यासाठी नाही, मी आपली डेपोमागे पडेन. पण त्याला उचलू नका. त्यानं तुझी आई पुरली, मुनीब. जमीन गोठली होती, तुमच्याकडून कुणी येऊ शकलं नाही, तर एकट्यानं खणलं. आणि फ्रानो, तुझा ज़्द्राव्को. तू तेव्हा दवाखान्यात होतास."

मुनीब खाली बघत होता. फ्रानोनं रुमाल काढला आणि तो काढल्यावर त्याचं काय करायचं ते त्याला सुचेना. क्षणभर तिला वाटलं, जमलं. पण मागच्या रांगेतून वरच्यांतला एक म्हणाला, "मग तर तो आमचाच की! आमच्यांना पुरलं म्हणजे..." आणि खालच्यांतला एक उसळला, "आमच्यांना जास्त पुरलं! मोजा!" आणि मुनीब आणि फ्रानो, दोघांनीही मान वर केली. आपापली माणसं ऐकत असताना पुढाऱ्याला मान खाली ठेवून चालत नाही.

"आधी अध्यक्ष निवडू, ताई," मुनीब हळूच म्हणाला. "मग बघू."

मग बघू म्हणजे समिती. तिला नियम आता पाठ होते.

"एक मिनिट," बिसेर्का म्हणाली. "आणते."

खोलीत आल्यावर तिनं काही ठरवलं नव्हतं. तिनं फक्त लांब दांड्याचं तांब्याचं भांडं उचललं. घरात पाहुणे बसलेत, घर विकून टाकायची बोलणी करतायत, आणि घर आपलं आहे. अशा वेळी बाई काय करते? हातांना ठाऊक होतं. पूड निम्मी पडली. वड्यांचा डबा हातांनी उघडलाच नाही.

ती बाहेर आली आणि उभ्यानं ओतू लागली.

पहिल्या पेल्यात पातळ, फिकट धार पडली तसं मुनीबनं बशीकडे पाहिलं. वडी नव्हती. त्यानं बिसेर्काकडे पाहिलं. ती उभी होती. तिनं एकेक करून सतरा पेले भरले. मग कुठल्याच ठरावावर कधीही न झालेली गोष्ट घडली. सोळा माणसांनी एकदम पेला उचलला, एका घोटात रिकामा केला आणि सोळा खुर्च्या मागे सरकल्या. कोटात हात गेले. "बरं तर, उशीर झाला," फ्रानोच्या तोंडून आपसूक निघालं. "घरी सगळ्यांना नमस्कार." "नमस्कार सांगा," मुनीब म्हणाला, आणि दाराशी त्यानं फ्रानोला पुढे जाऊ दिलं.

आपण काय केलं ते त्यांना खाली, गाड्या लावायच्या जागेवर आल्यावर उमगलं. खिडकीतून बिसेर्काला दिसत होतं: सोळा जण गोल करून उभे, सगळ्यांत आधी कोण उठलं यावर कडाक्याचं भांडण. पण परत वर कोणी येईना. तिसरी पिऊन परत येणारा माणूस म्हणजे कोण? नातवांना काय तोंड दाखवणार?

येन्सनसाहेब एकटेच बसून होते. त्यांना वाटलं, मध्यंतर झालं. ते दुभाष्याला काहीतरी म्हणाले.

"साहेब म्हणतात, ही सगळ्यांत हलकी आहे, त्यांना हीच आवडली. अजून मिळेल का?"

बिसेर्कानं त्यांना अजून दिली. परक्याला काय ठाऊक.

रांको नियमांचं पुस्तक चाळत होते. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "नियम एकोणीस. सदस्य स्वतःहून उठून गेल्यास सभा तहकूब समजावी. पुढची सभा पीठासीन सदस्य सोयीनुसार बोलावतील. तोवर दैनंदिन कामकाज त्यांच्या सहीनं चालेल."

"सोयीनुसार म्हणजे कधी?"

"तारीख दिलेली नाही."

"कुणाच्या सोयीनुसार?"

"तुमच्या, मावशी."

येन्सनसाहेबांनी अहवालात लिहिलं की परिषद विधिवत स्थापन झाली असून सदस्यांनी पहिला निर्णय एकमतानं घेतला.

* * *

त्या वर्षीच्या हिवाळ्यात लिपोवित्साचं बर्फ वर आणि खाली एकाच दिवशी काढलं गेलं. त्यामुळे दोन्हीकडे संशय पसरला. रस्त्यांचे दिवे लागले. शाळेच्या दोन दारांपैकी एक बिजागरीतून निखळलं होतं. दुरुस्तीचा कागद सहीला आला तेव्हा बिसेर्कानं तो तसाच ठेवला, आणि दोन्हीकडची मुलं महिनाभर एकाच दारानं जात राहिली.

मुनीब आणि फ्रानोनं एकत्र तक्रार केली. तिच्या अधिकाराला लोकमताचा आधार नाही, तिला फक्त अकरा मतं आहेत. दोघांच्या सह्या असलेला गावातला हा दुसरा कागद. साराजेव्होहून उत्तर आलं की दोन्ही समाजांत असा सलोखा पाहून समाधान वाटलं.

त्या अकरांचं कोडं मात्र तिला सुटलं नाही. "मी दिलं होतं हं मत तुम्हाला," असं लोक रस्त्यात थांबवून सांगू लागले. वाणी म्हणाला, पाथरवट म्हणाला, मौलवीची बहीण म्हणाली. तिनं मनात मोजायला सुरुवात केली आणि एकोणीसवर आल्यावर सोडून दिलं. तिला त्यात खोटं काही वाटेना. माणसं मत आधी देतात असं थोडंच आहे. काही जण मागाहूनही देतात.

आणि आपण करेलसारखे नाही, हे तिला रात्री उशाला डोकं टेकलं की आठवे. त्याच्याकडे मागितली असती तर त्यानं किल्ली दिली असती. आपण नियम एकोणीसच्या आडोशाला बसलोय. असं किती दिवस बसावं? उद्या या खुर्चीत आपल्याच पाठीला ऊब लागली तर? तिनं ठरवलं, ज्या दिवशी ते दोघं त्या ठरावाशिवाय वर येतील त्या दिवशी सभा. तोवर कॉफी.

मार्चमध्ये एका सकाळी फ्रानो एकटाच आला. टोपी हातात. दारातच उभा राहिला; पोत्याकडे पाहिलं, पण बसला नाही.

"ताई, आज ज़्द्राव्कोचा दिवस. किल्ली हवी होती."

तिनं चमच्यांच्या खिळ्यावरून किल्ली काढून दिली. "बाराच्या आत आणून दे. दुपारनंतर मुनीबला लागते."

"तो येतो?"

"दर महिन्याला. तुला सांगू नका म्हणाला होता."

फ्रानोनं किल्ली हातात फिरवली. पितळेची, करेलच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. तो जायला वळला आणि थांबला.

"तुमच्या दगडाभोवतीचं गवत काढू का? तिकडे जातोच आहे."

"काढ. रेघेवर पाय देऊ नकोस."

"ताई, त्या भिंतीचं..." त्यानं टोपी घातली, परत काढली. "मी आणि मुनीब बोलणार आहोत. सभागृहात नको. मुनीब म्हणाला, तुमच्याकडे जागा आहे का?"

बिसेर्कानं पोतं कोपऱ्यात सरकवलं आणि भांडं शेगडीवर ठेवलं.

"दुपारी या दोघं. कॉफी टाकते."

फ्रानो दारातून मागे वळला. चेहऱ्यावर, गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या, पहिल्यांदाच स्वतः परीक्षेला बसल्यासारखं काहीतरी.

"कितवी?"

"या तर खरं," ती म्हणाली. "ते बसण्यावर आहे."